सासूच्या कार्डातलं माझं नाव

मुलीचा उजवा कान वाहायला लागला तेव्हा आम्ही दोघी भिलाईजवळ चरोद्याला माझ्या भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. सुरुवातीला मी फार मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात पोरांचे कान वाहतात, कापूस घातला की थांबतात, असंच मी आईच्या वेळेपासून पाहिलं होतं. पण पाऊस गेला, दिवाळी गेली, तरी सकाळी उशीवर पिवळा डाग असायचाच. मग शाळेतल्या बाईंनी मला फाटकाशी थांबवलं. म्हणाल्या, तुमची मुलगी मागून हाक मारली तर ओ देत नाही, आधी मला वाटलं हट्टी आहे.

दुर्गच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कानात लाईट मारून पाहिलं. पडद्याला भोक आहे, दुसऱ्या कानालाही सुरुवात होते आहे, ऑपरेशन लवकर केलेलं बरं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. घाई होती तरी त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. शेवटी विचारलं, राशन कार्ड आहे ना? कार्डावर सगळं होऊन जाईल.

मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. कार्ड होतं, फक्त माझ्याजवळ नव्हतं.

ते जामुलला माझ्या सासूजवळ होतं. माझं लग्न तिथं झालं. सासरे भंडाऱ्याकडून सिमेंटच्या कारखान्यात कामाला आले होते, माझ्या लग्नाआधीच वारले. नवरा त्याच भागात ठेकेदाराकडे गाड्या भरायच्या कामावर होता. मग ठेकेदार बदलला, काम गेलं, आणि तो रायगढकडे गेला. आधी महिन्याला यायचा, मग सणाला. मग एकदा फोनवर बोलताना त्याच्या मागं लहान बाळ रडलं. मी विचारलं, त्यानंही लपवलं नाही. तुला कोणी घराबाहेर काढत नाही, तू आईजवळ राहा, एवढंच म्हणाला. मी एक उन्हाळा काढला. मग मुलीला घेऊन भावाकडे आले. सासू दारात उभी होती. तिनं मला अडवलं नाही. पोरीला ठेवून जा, एवढंच म्हणाली, आणि मी ठेवलं नाही.

भाऊ यार्डात पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलायच्या कामावर. क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात तो, वहिनी, त्यांची दोन मुलं. मागच्या व्हरांड्याला त्यानं टिन ठोकून आमच्यासाठी आडोसा केला. भाऊ कधी एका शब्दानं बोलला नाही. वहिनीही नाही. पण कोणी बोलत नाही म्हणूनच मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून कणीक भिजवायची, आणि माझी मुलगी दुसऱ्यांदा भाजी मागायची नाही. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. दिवसा मी जवळच्या भिलाई-तीन वस्तीच्या बाजारात एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायची. तेवढ्यात आमचं दोघींचं भागायचं. ऑपरेशन त्यात बसणारं नव्हतं.

दवाखान्यात कार्डाची खिडकी वेगळी होती. तिथं एका मुलीनं माझा आधार नंबर टाकला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, तुमचं आणि मुलीचं नाव जामुलच्या राशन कार्डात आहे. मुखिया, म्हणजे कुटुंबप्रमुख, म्हणून तिनं माझ्या सासूचं नाव वाचलं. आमच्या राज्यात राशन कार्ड घरातल्या मोठ्या बाईच्या नावानं असतं. कार्डासाठी म्हणून सासूनं आयुष्यात पहिल्यांदा एकटीचा फोटो काढला होता, ते मला आठवतं. मी तेव्हा नवी सून होते, तिचा पदर मीच नीट करून दिला होता. बाईच्या नावानं कार्ड, बाईच्या हातात धान्य, हे मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. आजही त्यात काही वाईट आहे असं नाही. पण त्या खिडकीशी उभी राहून मला कळलं की सरकारच्या हिशेबी मी कुठंही राहत असले तरी त्या घरातलीच आहे आणि माझी मुखिया ती आहे.

इलाजाचं कार्ड त्या राशन कार्डावरच बनणार होतं. ते घेऊन या आणि मुखियालाही आणा, नाहीतर तिकडून नाव कापून स्वतःचं वेगळं कार्ड काढा, असं त्या मुलीनं सांगितलं. माझ्या मागं मोठी रांग होती.

मी जामुलला गेले. घर तसंच होतं. दारातल्या पपईच्या पानांवर कारखान्याची राखाडी धूळ. सासूनं पाणी दिलं, मुलीला का आणलं नाही म्हणून विचारलं. मी कानाचं सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. कार्ड आणि एका दिवसापुरतं दुर्गला येणं, एवढंच मागते आहे असं मी म्हटलं.

"कार्ड इथं आहे," ती म्हणाली. "तू बी इथं ये. मंग कार्ड का, मी बी येते."

"आत्याबाई, पोरीचा कान सडून राहिला."

"म्हणूनच म्हणून राहिली."

मी उठले. चपला घातल्या. मला वाटलं, ही बाई माझ्या पोरीच्या कानाची किंमत लावते आहे.

मग मी वेगळ्या कार्डाच्या मागं लागले. दुकानातून अर्धी सुटी काढायची आणि दुर्गला जायचं. ऑफिसात सांगितलं, नाव कापायला मुखियाचा अर्ज लागेल. मुखिया देत नसेल तर फारकतीचा कोर्टाचा हुकूम आणा. कोर्टाच्या आवारात एका वकिलानं भल्या मनानं समजावलं की नवरा तारखेला येईल न येईल, तुम्ही वर्षांची तयारी ठेवा. कानाला वर्षं नव्हती.

भावाच्या पत्त्यावर कार्ड मागावं तर तिथं म्हणाले, तो सरकारी नोकर, त्याच्या घरात राहता म्हणजे त्या कुटुंबात धरलं जाल, आणि त्या कुटुंबाला गरिबांचं कार्ड मिळत नाही. म्हणजे भावानं आडोसा दिला म्हणून मी गरीब राहिले नाही. मी वेगळी खोली पाहिली. घरमालकीण चांगली होती, पण स्पष्ट म्हणाली, खोली घे, कागद मागू नको, मी कोणालाच भाड्याची चिठ्ठी देत नाही. आमच्या वॉर्डाच्या पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे गेले, नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून दाखला द्या म्हटलं. ते म्हणाले, लग्न जामुलला, नवरा जामुलचा, तिथल्या पार्षदाला विचारा. तिथल्या पार्षदानं चहा पाजला आणि विचारलं, सासू कबूल करते का?

कोणीच मला हाकलून दिलं नाही. हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण लोकांना वाटतं ऑफिसात बाईला हिडीसफिडीस करतात. माझ्याशी बहुतेक जण नीट बोलले. प्रत्येकाजवळ एक नियम होता, आणि तो एकटा वाचला तर बरोबरच होता. भावाचा पगार खरा होता. नवरा जिवंत होता. सासू मुखिया होती. ते सगळे नियम एकत्र फक्त माझ्या अंगावर येत होते. दुर्गहून लोकलनं परत येताना मी खिडकीशी बसायची आणि डब्यातल्या सगळ्या बाया मला कुठल्या ना कुठल्या घराच्या वाटायच्या. भावाचं, नवऱ्याचं, सासूचं, मला धरून ठेवणारी घरं तीन होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

त्याच दिवसांत मुलीच्या वर्गातल्या पोरींनी तिच्याजवळ बसणं सोडलं. कानाला वास यायचा. तिनं मला ते सांगितलं नाही. ती ओढणी कानावरून घ्यायला लागली, तेव्हा मी विचारलं. "ठंड लगती है," म्हणाली. डिसेंबर होता, पण वर्गात एवढी थंडी नव्हती.

मी पुन्हा जामुलला गेले. या वेळी न सांगता, दुपारी. अंगणात दोरीवर माझी साडी वाळत होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची निळी, जी मी घाईत तिथंच सोडून आले होते. तिच्या शेजारी मुलीचा दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक, जो तिला आता गुडघ्यापर्यंतही आला नसता. मला वाटलं म्हातारीनं माझी साडी वापरायला काढली. रागच आला. पण फ्रॉक कशाला?

सासूनं मला दोरीकडे पाहताना पाहिलं. ती खाटेवर बसली आणि तिनं मलाही बसायला सांगितलं.

कार्डातली माणसं खरंच घरात राहतात का, हे तपासायला मधूनमधून कोणी येतं, असं तिनं सांगितलं. मागं एक बाई आली होती. सून माहेरी गेली, येते, असं सासूनं सांगितलं. पुन्हा आली तेव्हाही तेच सांगितलं. तेव्हापासून ती अधूनमधून आमचे कपडे धुवून दोरीवर टाकायची. माणसं कमी झाली की तांदूळ कमी होतो. मुलगा काही पाठवत नाही. चार नावांचा तांदूळ येतो, त्यातला थोडा ती खाते, थोडा शेजारी देऊन डाळ-तेल घेते. दोन नावं गेली, मग कोणी मुलाचंही कापलं, तर ती एकटी उरते.

"तो तांदूळ तुमचा दोघींचा आहे, मले मालूम आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या तोंडचं खाऊन राहिली. तुह्यं नाव मी कावून कापू देऊ, सांग."

तिला माझ्याकडून उत्तर हवं नव्हतं. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मी तिथं भांडायला आले होते, आणि आता भांडायला समोर कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दया आली नाही. मला घुसमटल्यासारखं झालं. ती दुष्ट असती तर मी सुटले असते. कोणाकडे तरी तक्रार केली असती. आता तेही गेलं.

त्या आठवड्यात मी भावाला सांगितलं की आम्ही जामुलला जातो. त्यानं कारण विचारलं नाही. ट्रंक उचलून त्यानं सायकलला बांधली आणि बसपर्यंत पायी चालत आला. वहिनीला रडू आलं, आणि तिचे खांदे जरा सैल झालेलेही मी पाहिले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या जागी मी असते तर माझेही झाले असते.

सासूनं शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी ती नवी साडी नेसून आमच्याबरोबर दुर्गला आली, मशीनवर अंगठा दिला, आणि महिनाभर जे होत नव्हतं ते झालं. ऑपरेशनच्या दिवशी ती वॉर्डाबाहेर फरशीवर पाय पसरून बसून होती. नर्सनं नातेवाईक कोण म्हणून विचारलं तर माझ्याआधी तीच उठली. कानाचा पडदा भरून आला. ऐकू मात्र पूर्ण आलं नाही. उशीर झाला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण दुसरा कान वाचला. मुलगी आता पहिल्या बाकावर बसते.

जामुलचं राहणं सोपं नव्हतं. भिलाई-तीनचं काम सुटलं, कारण दोन ऑटो बदलून जाण्यात कमाई तिथंच संपायची. मी घरीच मशीन लावून शेजारणींच्या साड्या घ्यायला लागले. मंगळसूत्र मी चरोद्याला काढून ठेवलं होतं. ते पुन्हा घातलं. सासूनं सांगितलं नव्हतं, पण त्या घरात सून म्हणून राहायचं तर रिकाम्या गळ्यानं दुकानाच्या रांगेत उभं राहता येत नव्हतं. तपासणीवाली आली की मी म्हणायची, पती बाहेरगावी आहेत. तेही खोटं नव्हतं. मी उशिरा आले की सासू दारात उभी असायची. कुठं गेली होती, असं विचारायची नाही, नुसती उभी राहायची. मी परत जाईन याची तिला भीती होती आणि मला मी कधीच जाणार नाही याची. दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करायचो.

असं वर्षाहून जास्त गेलं. मग एका सकाळी तो आला.

हातात पिशवी, केस नीट कापलेले. खुर्चीवर बसला, आईच्या पाया पडला, चहा घेतला. त्याला कार्डातून स्वतःचं नाव कापून हवं होतं. तिकडं रायगढला त्याच्या दुसऱ्या घरच्या कार्डात नाव घालायचं होतं, आणि इथलं कापल्याशिवाय तिथं चढत नव्हतं. हे सगळं तो आईला सांगत होता. मी मशीनवर बसले होते, त्याच्यापासून चार हातांच्या अंतरावर.

सासूनं ऐकून घेतलं. मग त्याच्या समोरच माझ्याकडे वळली.

"तू सांग," म्हणाली. "कापू का नको?"

त्या घरात मला कोणी असं विचारलं नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. नको, असंच आलं. आम्ही जसे अडकलो तसा तोही अडकू दे. त्याच्या त्या बाळालाही कार्डाशिवाय दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहू दे. पण बाळ म्हटल्यावर पुढचा विचार करता आला नाही.

"कापा," मी म्हटलं. "पण अर्जात लिहायचं, बायकोला सोडून वेगळा राहतो म्हणून."

तो आईकडे पाहायला लागला. त्याला वाटलं असावं ती काही बोलेल. ती म्हणाली, "लिही. खोटं तं नाही."

आम्ही तिघं ऑफिसात गेलो. तिथं कोणी त्याला भाड्याची चिठ्ठी मागितली नाही, कोर्टाचा हुकूम मागितला नाही, बायकोची संमती विचारली नाही. मुखिया सोबत होती, तिनं अंगठा दिला, झालं. आम्ही जेवायच्या वेळेला घरी परत होतो. मी त्या ऑफिसच्या बाकावर किती दुपारी काढल्या होत्या, ते त्याला ठाऊकही नव्हतं. सांगावंसं वाटलं नाही.

जाताना तो मुलीजवळ वाकला आणि कान ठीक आहे का, असं हळू विचारलं. तो तिच्या उजव्या बाजूला उभा होता. तिला ऐकू आलं नाही. ती अभ्यास करत राहिली, आणि तो थोडा वेळ थांबून निघून गेला.

त्याच्या अर्जाच्या नकलेवर पार्षदानं मला टाकलेल्या बाईचा दाखला दिला. आता मी वेगळं कार्ड काढू शकत होते. ही गोष्ट सासूनंच काढली, तांदूळ निवडता निवडता.

"आता तुले कोणी अडवत नाही," ती म्हणाली. "तुमची दोन नावं काढायची असन तं चाल. अंगठा देते."

"पाहू," मी म्हटलं.

त्याला आता बरेच महिने झाले. दाखला ट्रंकेत आहे. मी गेले नाही. शेजारणी म्हणतात, सासू-सुनेचा जीव जडला. असेलही. काही दिवस ती मुलीची वेणी घालते तेव्हा मला तसंच वाटतं. पण दुसऱ्या दिवशी ती दारात उभी दिसते आणि माझा श्वास कोंडतो. जाऊन राहायचं कुठं, हा प्रश्न जिथं होता तिथंच आहे. खोलीचा कागद अजून कोणी देत नाही. मुलीचा कान दर काही महिन्यांनी तपासावा लागतो. आणि मी निघाले तर कार्डात एकच नाव उरतं. तेवढ्यावर ती कशी जगेल हे मला माहीत आहे, कारण तिच्या चुलीवर काय शिजतं ते मी रोज पाहते. हा विचार माझ्या मनात आला नसता तर बरं झालं असतं, असंही मला वाटून जातं.

परवा राशन दुकानात कार्डातल्या प्रत्येकाला अंगठा द्यायला बोलावलं होतं. आम्ही तिघी उन्हात रांगेत उभ्या होतो. सासूचे गुडघे दुखत होते म्हणून मुलीनं तिला पायरीवर बसवलं होतं. आमची पाळी आली तेव्हा दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "सब साथ में रहते हो?"

सासू मुखिया आहे, उत्तर तिनं द्यायचं असतं. पण ती पायरीवरून माझ्याकडे पाहत राहिली.

"हां," मी म्हटलं.

त्यानं मशीन पुढं सरकवलं. आधी मुलीनं बोट ठेवलं, मग मी. सासूला उठायला वेळ लागत होता, म्हणून मी तिला हात दिला.